बालविभाग संपल्यावर काय वाचायचं? तेरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी मराठी कादंबऱ्या

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात ‘यंग अडल्ट’ अशी पाटी लावलेलं वेगळं कपाट असतं. तेरा ते अठरा वयाचा वाचक सरळ तिथे जातो आणि हवं ते उचलतो. मराठीत हे कपाट नाही. ग्रंथालयात बालविभाग असतो, त्याच्या पुढे एकदम कादंबरी विभाग, आणि आठवीतला वाचक या दोन्हींच्या मध्ये अडकतो. त्याच्यासाठी पुस्तकं नाहीत असं मुळीच नाही. भरपूर आहेत, आणि त्यातली काही अप्रतिम आहेत. फक्त ती मोठ्यांच्या कपाटांमध्ये विखुरलेली आहेत. ती शोधून, योग्य क्रमाने हातात ठेवणारं कुणीतरी लागतं. या लेखाचा हेतू तेवढाच.

आधी एक अडचण समजून घेऊ. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातली पुष्कळ मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण सलग मराठी वाचायची सवय नसते. तीनशे-चारशे पानांचं ‘द हंगर गेम्स’ दोन दिवसांत संपवणारी मुलगी शंभर पानांच्या मराठी पुस्तकाला पंधरा दिवस लावते, आणि घरचे म्हणतात, हिला मराठीची आवडच नाही. बहुतेक वेळा प्रश्न आवडीचा नसतो, वेगाचा असतो. देवनागरीतली जोडाक्षरं डोळ्यांच्या सवयीची नसली की पान सावकाश सरतं. पान सावकाश सरलं की गोष्टीची पकड सुटते. म्हणून पहिली दोन-तीन पुस्तकं बारीक असली पाहिजेत, कारण त्यांनी वेग वाढतो. जाड, गाजलेली पुस्तकं त्यानंतर.

पुस्तक निवडताना वय सगळ्यात शेवटी बघावं. त्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: पानं किती, बोलीभाषा किती, आणि गोष्ट कितव्या पानावर पकड घेते. पहिल्या दोन गोष्टी ग्रंथालयात उभ्या उभ्या तपासता येतात. पुस्तक मधोमध उघडायचं आणि वाचणाऱ्यानेच एक पान मनात वाचायचं. अर्थ अजिबात न लागणारे शब्द पाच-सहाच्या आत असतील तर पुस्तक घरी न्यावं. दहाच्या वर गेले तर सहा महिन्यांनी पुन्हा बघावं. कोल्हापुरी, माणदेशी किंवा कोकणी बोलीतल्या कादंबऱ्यांना मात्र ही चाचणी अन्याय करते. बोलीतले शब्द तेच तेच पुन्हा येतात आणि वीसेक पानांत ओळखीचे होतात. तिथे पहिली वीस पानं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत. कानाला बोली लगेच कळते, डोळ्याला उशीर लागतो.

सहावी-सातवीसाठी फार विचार करायला नको. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही धावतो. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याची शाळा, सायकल, आणि संकटातून सुटला की ‘ट्टॉक्’. भाग सुटे आहेत, कुठलाही आधी वाचला तरी चालतो. त्याच्या जोडीला सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. हेरकथा असूनही त्यात रक्तपात कमी आणि डोकं जास्त आहे. शिवाय गोष्ट सांगणारा तोपशे स्वतःच किशोरवयीन असल्यामुळे वाचक त्याच्या शेजारी बसून प्रवास करतो. ‘तोत्तोचान’ ही कादंबरी नाही, तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी आहेत. पण प्रकरणं दोन-तीन पानांची असल्यामुळे मराठीत अडखळणाऱ्या वाचकाला याहून चांगली सुरुवात नाही. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे, त्यामुळे किंमतही परवडते. नव्यांमध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ आणि संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ बघावी. दोन्हींना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे, पहिलीला २०२४ मध्ये आणि दुसरीला २०२२ मध्ये.

खरी परीक्षा आठवीपासून सुरू होते. इथे माझी पहिली शिफारस व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’. छोटी कादंबरी, माणसं जवळजवळ नाहीत. वानरांची एक टोळी, तिचा म्होरक्या, बाहेरून चालून आलेले नर, आणि सत्ता हातातून हातात जाताना होणारी हिंसा. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारतो. हे वानरांमध्ये प्रत्यक्ष घडतं, अभ्यासकांनी ते नोंदवलेलं आहे. माडगूळकर ते कुठलीही सारवासारव न करता लिहितात. टोळीयुद्धाच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून आलेल्या मुलांना हे पुस्तक धरून ठेवतं, कारण इथे कुणी खलनायक नाही आणि तरीही भीती वाटते. वाक्यं छोटी आहेत, संवाद फारसे नाहीत, त्यामुळे वेग लागतो. अडचण एकच: वानरांची नावं सुरुवातीला एकमेकांत मिसळतात. पुस्तकाच्या खुणेसाठी ठेवलेल्या कागदावर नावं आणि कोण कुठल्या टोळीत एवढं लिहून ठेवलं की ती अडचण संपते. प्राण्यांवर फार जीव असलेल्या मुलांना पिल्लांबद्दल आधी सांगून ठेवावं.

‘सत्तांतर’ आवडली की लगेच ‘बनगरवाडी’. १९५५ची, तीही लहानच. कोवळ्या वयाचा एक मास्तर मेंढपाळांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. शाळेत मुलं नाहीत, लोकांचा विश्वास नाही, पुढे दुष्काळ. घटनांचा धडाका हवा असलेल्या वाचकाला पहिल्या चाळीस पानांत ‘काहीच घडत नाही’ असं वाटतं. त्याला सांगावं की वाडीतली माणसं एकेक करून ओळखीची होत आहेत, तेच घडतंय. वाडीवर तालीम बांधायचं ठरतं तिथपासून पुस्तक हातातून सुटत नाही.

आता ‘शाळा’. मिलिंद बोकिलांची ही २००४ची कादंबरी मराठीतली सर्वांत नेमकी किशोर कादंबरी आहे, असं माझं ठाम मत आहे. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा, वर्गातली शिरोडकर. मुकुंदच गोष्ट सांगतो आणि तो खरोखर नववीतल्या मुलासारखा विचार करतो. मित्रांसमोर एक, मनात दुसरं, आणि घरी तिसरंच. त्याला शहाणं करून दाखवायचा मोह लेखकाला कुठेही होत नाही.

ही कादंबरी देताना दोन चुका होतात. पहिली, ती फार लवकर दिली जाते. सहावी-सातवीतल्या वाचकाला त्यातली मुलगी, तिच्या मागे जाणं, तिच्याशी बोलायची धडपड हे सगळं लांबलेलं वाटतं. नववी किंवा दहावीत द्यावी, त्याआधी नको. दुसरी चूक म्हणजे काळाबद्दल काहीच न सांगता देणं. गोष्ट आणीबाणीच्या काळात घडते. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती, विरोधकांना तुरुंगात टाकलं जात होतं, एवढी तीन वाक्यं आधी सांगितली की मोठ्या माणसांच्या दबक्या गप्पा आणि शाळेतली सक्तीची शिस्त यांचा अर्थ लागतो. नाहीतर ती पानं भराभर उलटली जातात आणि पुस्तकाचा अर्धा जीव तिथेच राहतो. २०१२ साली आलेला चित्रपट चांगला आहे, पण पुस्तक आधी वाचावं. मुकुंदचं मनातलं बोलणं हा कादंबरीचा गाभा आहे, आणि पडद्यावर त्यातलं थोडंच येऊ शकतं.

पालकांना काळजी वाटते ती प्रेमाच्या उल्लेखाची. ‘शाळा’त जे आहे ते याच वयातल्या मुलांच्या बोलण्यात रोज येणाऱ्या गोष्टींपेक्षा कितीतरी हळवं आणि सभ्य आहे. शेवटही सोपा, गोड नाही. वाचून मूल एक-दोन दिवस गप्प राहिलं तर लगेच प्रश्न विचारू नयेत.

‘शाळा’ संपली की प्रकाश नारायण संतांचा लंपन. क्रम असा: ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि संतांच्या निधनानंतर आलेलं ‘झुंबर’. काटेकोरपणे बोलायचं तर या कादंबऱ्या नाहीत, एकाच मुलाच्या सलग वाढणाऱ्या कथा आहेत. तोच त्यांचा फायदा. एक कथा एका बैठकीत संपते, आणि चार पुस्तकं झाली की एका मोठ्या कादंबरीचं समाधान मिळतं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडची मराठी, शेजारची सुमी. भाषेत कानडी वळणं आहेत आणि लंपनचे स्वतःचे शब्द आहेत, म्हणून पहिली कथा मोठ्याने वाचायलाच हवी. क्रम मोडून चालत नाही. पुढच्या पुस्तकांत दुःखाचं वजन वाढत जातं, आणि आधीचा हसरा लंपन ओळखीचा नसेल तर ते वजन जाणवत नाही. सातवीतल्या चांगल्या वाचकालाही ‘वनवास’ देता येतं. ‘झुंबर’ मात्र थोडं थांबून द्यावं.

अनुवादांपैकी एकच निवडायचा असेल तर ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या ‘द यर्लिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मराठीत स्वतःच्या पायांवर उभा आहे. फ्लॉरिडाच्या जंगलात, वस्तीपासून लांब राहणारं एक गरीब कुटुंब, बारा वर्षांचा एकुलता मुलगा, आणि त्याने घरी आणलेलं हरणाचं पिल्लू. पुस्तक जाड आहे आणि अर्धवट सोडलं जाण्याचं प्रमाणही याचंच जास्त असेल. कारण ठरलेलं: नाव ‘पाडस’, मुखपृष्ठावर पाडस, आणि पाडस गोष्टीत येतं ते जवळजवळ निम्मं पुस्तक झाल्यावर. पहिलं प्रकरण तर मुलगा झऱ्याच्या पाण्यावर छोटं पाणचक्र फिरवत बसतो त्यात जातं. त्यामुळे देतानाच सांगावं, पाडसाची वाट बघू नकोस, अस्वलाची बघ. कुटुंबाची जनावरं मारणाऱ्या म्हाताऱ्या अस्वलाचा माग काढायला बापलेक निघतात तिथून वेग येतो, आणि बापाला साप चावतो तिथून तर श्वास रोखला जातो. साठ पानं दिल्याशिवाय या पुस्तकाबद्दल मत बनवू नये. शेवट कठोर आहे. मुलाला उपाशी राहणं आणि जिवलगाला मुकणं यातून काय निवडावं लागतं, हे बारा-तेराव्या वर्षी वाचलेलं आयुष्यभर सोबत राहतं. तरीही घरातलं पाळीव जनावर नुकतंच गेलं असेल तर ‘पाडस’ तेव्हा देऊ नये.

लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद मुलींचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवला जातो. ते चूक आहे. चार बहिणी, युद्धावर गेलेले वडील, हाताशी फारसे पैसे नाहीत, आणि लेखिका व्हायचं ठरवलेली ज्यो. मुलगेही ते आवडीने वाचतात, फक्त त्यांच्या हातात ते दिलं पाहिजे. मूळ पुस्तक १८६८-६९ मध्ये दोन भागांत आलं होतं, त्यामुळे मध्यावर एक नैसर्गिक विसावा मिळतो. परीक्षा जवळ असेल तर तिथे थांबून सुट्टीत उरलेलं वाचता येतं.

पुढचा टप्पा भाषेच्या दृष्टीने अवघड, आणि मला वाटतं, शहरातल्या मुलांसाठी सगळ्यात गरजेचा. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. कागलचा एक मुलगा, त्याला शिकायचंय, आणि बापाला तो शेतात राबायला हवाय. पुढच्या पुस्तकांमध्ये हीच कहाणी चालू राहते, पण ‘झोंबी’ स्वतंत्र वाचता येते. यात मारहाण आहे, भूक आहे, आणि ती सगळी घरातल्या घरात आहे. दहावीच्या आधी देऊ नये. देताना सुरुवातीच्या प्रकरणांबद्दल आधी बोलावं, कारण तिथला आईचा छळ वाचवत नाही. क्लासची फी, टेस्ट सिरीज, नीट-जेईई यांच्या गराड्यात असलेल्या अकरावीतल्या मुलाला शाळेत जायला मिळावं म्हणून घरातून पळणारा आनंदा भेटला, तर ‘अभ्यास’ या शब्दाकडे तो जरा वेगळ्या नजरेने बघतो.

‘द हंगर गेम्स’ आवडलेल्या वाचकाला मी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) देईन. त्यातली नायिका कॅटनिस जे करते ते घरच्यांच्या पोटासाठी. फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटतो आणि इंग्रज सरकारच्या अंगावर जातो. एक सूचना: पहिला भाग फकिराच्या वडिलांचा, राणोजीचा आहे. शेजारच्या गावची जोगणी, म्हणजे देवीच्या जत्रेचा मान, पळवून आणण्याचा तो थरार इतका मोठा आहे की ‘फकिरा कधी येणार?’ हा प्रश्न पडत नाही, पण भाग बदलतो तिथे वाचक गोंधळतो. आधी सांगितलं तर नाही गोंधळत. ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, आणि अर्पणपत्रिका वगळून पुढे जाऊ नये.

अरुण साधूंची ‘झिपऱ्या’ रोज लोकलने कॉलेजला जाणाऱ्यांसाठी. रेल्वे स्थानकांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची टोळी, त्यांची गुंडगिरी आणि त्यांची मैत्री. ठाणे स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्या मुलांना यातलं जग नवीन नाही, फक्त एरवी ते खाली न बघता पुढे जातात. शिव्या आणि हिंसा आहे, पंधराच्या पुढे.

विज्ञानकथा हव्या असणाऱ्यांना जयंत नारळीकर. ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ यांपैकी मी दुसरी आधी देईन. जमिनीखाली सापडलेला फार जुन्या संस्कृतीचा ठेवा, त्यातल्या माहितीवरून बनवलेलं विचार करणारं यंत्र, आणि ते यंत्र हाताबाहेर जाण्याची भीती. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज जे प्रश्न विचारले जातात ते १९८०च्या दशकातल्या या मराठी कादंबरीत आहेत. भाषा स्वच्छ, प्रकरणं लहान, म्हणून मराठी अडखळत वाचणाऱ्या पण विज्ञान आवडणाऱ्या मुलांसाठी ही ‘सत्तांतर’च्या जागीही चालते. यंत्रं आणि संगणकांची वर्णनं जुनी झाली आहेत हे खरं. त्यावर हसू येतं, गोष्ट बिघडत नाही. भयकथेची ओढ असेल तर नारायण धारपांच्या समर्थ कथा, पंधरा वर्षांनंतर.

सोळाच्या पुढे दारं भराभर उघडतात. प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ (१९८१) इंजिनीअरिंगकडे निघालेल्या प्रत्येक मुलामुलीने वाचावी असं मला मनापासून वाटतं. मुंबईतली नोकरी सोडून हिमालयात रस्ता बांधायला गेलेला तरुण इंजिनीअर विश्वनाथ, सरळ तुटलेला कडा, आणि नियम मोठा की माणसाचा जीव मोठा या प्रश्नावर वरिष्ठांशी उडालेला खटका. पानं कमी, ताण प्रचंड. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी. दारू, मारामाऱ्या, तुटलेली घरं सगळं आहे, आणि २०१३चा चित्रपट पाहून आलेल्यांना पुस्तक कितीतरी कडू वाटेल. ‘कोसला’ (१९६३) सतरा-अठराच्या आधी देऊ नये. त्यातल्या पांडुरंग सांगवीकरचं मन न लागणं समजायला स्वतःचं घर सोडून राहिल्याचा, निदान परक्या गर्दीत एकटं पडल्याचा थोडा अनुभव लागतो. हॉस्टेलला जाणाऱ्याच्या बॅगेत ते ठेवावं. ‘मृत्युंजय’ (१९६७) मात्र लवकर वाचणारे वाचतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात, म्हणून पर्सी जॅक्सनच्या ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून पुराणकथांकडे वळलेल्यांना ती रुचते. भाषा अलंकारिक आहे. वर्णनांत अडकलं तर परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही, संवाद मात्र सोडू नयेत.

‘श्यामची आई’बद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते संस्कार करण्यासाठी म्हणून दिलं की मुलं पाठ फिरवतात. त्याची रचना रात्रींची आहे: पहिली रात्र, दुसरी रात्र. तसंच वाचावं, एका वेळी एक रात्र, झोपण्यापूर्वी, मोठ्याने. सलग वाचलं तर रडणं आणि उपदेश यांचा भार होतो. रोज एक वाचली तर त्यातला कोकण, त्यातली गरिबी आणि त्या बाईचा ताठ कणा दिसायला लागतो.

वाचनाला वेळ कुठून आणायचा? ठाणे-वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो. मध्यम वेगाच्या वाचकाची तेवढ्यात दहा-बारा पानं होतात. जाऊन-येऊन वीस पानं धरली तर ‘बनगरवाडी’सारखं पुस्तक कॉलेजच्या एका आठवड्यात आणि ‘शाळा’ तीन आठवड्यांत संपते. गर्दीच्या वेळी उभं राहून जाड पुस्तक धरता येत नाही, तेव्हा स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. बोलीतल्या कादंबऱ्यांना तर हा मार्ग फार चांगला, आधी ऐकावं आणि मग तेच प्रकरण वाचावं. कादंबरीला बसायची सवयच नसेल तर आधी ‘किशोर’ मासिक. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ‘साधना’चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंकही जपून ठेवण्यासारखे असतात.

लांब पुस्तकांसाठी सगळ्यात मोकळा काळ म्हणजे दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे आठवडे. ‘पाडस’, ‘चौघीजणी’, ‘मृत्युंजय’ यांच्यासाठी तो राखून ठेवावा. दहावीच्या वर्षात मात्र लंपनच्या सुट्या कथाच बऱ्या, कारण अर्धवट राहिलेली कादंबरी पुन्हा हातात घेतली जात नाही.

घरात टाळायची गोष्ट एकच: वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ विचारणं, सारांश लिहायला लावणं. त्याने पुस्तकाचा गृहपाठ होतो. विचारायचंच तर ‘कुठपर्यंत आलास?’ विचारावं, आणि आपणही तेच पुस्तक त्याच वेळी वाचत असावं. दोघांची खूण वेगवेगळ्या पानांवर असली की बोलणं आपोआप सुरू होतं.

पुस्तकं मिळण्याच्या बाबतीत ठाणेकर नशीबवान आहेत. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि वर उल्लेख केलेली बहुतेक जुनी पुस्तकं अशा ग्रंथालयांतच हमखास सापडतात, छपाईत नसली तरी. खाडीपलीकडच्यांना वाशीचं साहित्य मंदिर आहे, आणि बसून वाचायचं असेल तर ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातलं ग्रंथालय. सभासद होताना अनामत रक्कम आणि वर्गणी भरावी लागते. एका वेळी दोन पुस्तकं मिळणारी वर्गणी घ्यावी: एक सोपं, नक्की संपणारं, आणि एक आव्हानाचं. दुसरं न वाचता परत गेलं तरी चालेल.

देवघेवीच्या टेबलावर पुस्तक नोंदवण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. जुन्या, पुन्हा बांधणी केलेल्या प्रतींमध्ये शेवटची पानं गळालेली असतात, म्हणून आधी शेवट उघडून पानांचे आकडे सलग आहेत का बघा, मजकूर न वाचता. आणि अनुवाद असेल तर आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असं छापलंय का ते बघा. गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या शंभर-सव्वाशे पानांच्या मराठी आवृत्त्या पुष्कळ आहेत. लहान मुलांना त्या ठीक, पण नववीतल्या वाचकाने तेवढंच वाचलं तर त्याला वाटतं पुस्तक वाचून झालं, आणि पूर्ण अनुवाद त्याच कपाटात तसाच राहतो.